उथळ पाण्याची खोली वरून मोजायची आयडिया आली कुठून

पुण्यात उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी खाली गेलं की गाळाचा विषय निघतोच, आणि मग कोणीतरी म्हणतं, एवढे सॅटेलाइट आहेत तर वरूनच खोली मोजा ना. धरणातला गाळ सॅटेलाइटवरून काढतात हे खरंय, पण तिथे पाण्याच्या आत कोणी बघत नाही, वेगवेगळ्या लेव्हलला पाणी किती पसरलंय ते इमेजवरून बघायचं आणि साठा किती उरला त्याचं गणित मांडायचं, बास. पाण्याच्या रंगावरून थेट खोली काढणं हे वेगळं प्रकरण. त्याला तळ दिसावा लागतो, म्हणून लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात ते जमतं, आपल्याकडच्या गढूळ पाण्यात नाही.

वरून खोली काढायचा खटाटोप दुसऱ्या महायुद्धातही झाला होता. शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर जाऊन मोजणार कोण, म्हणून ब्रिटिशांनी विमानातून पाठोपाठ फोटो काढून लाटांचा वेग मोजला, कारण पाणी उथळ झालं की लाट मंदावते. रंगाचं काम जोरात आलं ते 1972 ला लँडसॅट 1 हा अमेरिकन सॅटेलाइट वर गेल्यानंतर. 1975 मधे नासाने प्रसिद्ध समुद्रशोधक जाक कुस्तो आणि त्यांचं कॅलिप्सो जहाज सोबत घेऊन बहामाजजवळ चाचणी केली, आणि पाणी स्वच्छ, तळ उजळ असेल तर 22 मीटरपर्यंत खोली कळते असं दिसलं. एक पिक्सेल जवळपास 80 मीटरचा असताना हे, म्हणजे भारीच.

यामागचं फिजिक्स सोपंय. लाल प्रकाश थोड्याच मीटरात संपतो, निळा-हिरवा बराच खाली जातो. 1978 ला डेव्हिड लायझेंगा या संशोधकांनी ते गणितात बसवलं, जिथे तळ दिसतच नाही अशा खोल समुद्राचा सिग्नल वजा करून उरलेल्याचा लॉग (लॉगरिदम) घ्या, खोलीशी सरळ रेषेचं नातं मिळतं. पण खरी डोकेदुखी तळाची, काळपट दिसतंय ते खोल पाणी की खाली समुद्री गवत? लायझेंगांनी त्यासाठी एकापेक्षा जास्त बँड, म्हणजे सॅटेलाइट वेगवेगळे टिपतो ते प्रकाशाचे रंगपट्टे, वापरले, पण मला विचाराल तर सगळ्यात हुशार डाव 2003 चा, स्टम्फ आणि सहकाऱ्यांचा. निळ्या आणि हिरव्या बँडच्या लॉगचं गुणोत्तर घ्यायचं, तळ काळा असला तर दोन्ही बँड साधारण सारखेच मंद होतात, पण खोली वाढली की हिरवा लवकर संपतो, त्यामुळे तळाचा गोंधळ बराच कमी होतो. पुढे 2008 ला लँडसॅटचा डेटा फुकट झाला, 2015 ला 10 मीटर पिक्सेलवाला सेंटिनेल-2 सॅटेलाइट आला, आणि मग लॅपटॉपवरही हे करता येऊ लागलं.

तरी या गुणोत्तराचे मीटर करायला काही ठिकाणची खरी खोली लागतेच, म्हणजे परत बोट आणि एकोसाउंडर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र). ती अडचण 2018 च्या आइससॅट-2 या नासाच्या सॅटेलाइटने बरीच सोडवली. आहे तो मुख्यतः बर्फ मोजायला पाठवलेला, पण त्याचा हिरवा लेझर नितळ पाण्यात जवळपास 40 मीटरपर्यंतच्या तळावरून परत येतो असं लोकांच्या लक्षात आलं. फक्त तो जातो त्या रेषेखालचंच मोजतो, मधली जागा भरायला रंगाचंच गणित लागतं.