हाड मोडलं तरच मार? मेंदूच्या फोटोचा कोर्टापर्यंतचा प्रवास

नागपुरात मारहाण झालेली बाई मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यात गेली की एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) होते, मग एक्स-रे, आणि घरचे पहिले विचारतात ते फ्रॅक्चर आहे का. हे काही उगाच नाही. १८६० च्या आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत, कलम ३२० होतं, त्यात हाड मोडणं, दात तुटणं नावानिशी गंभीर दुखापत, पण डोक्याच्या मुक्या माराला वेगळं नाव नाही, तो जिवाला धोका नाहीतर वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न होणं यातच बसवायचा. आता बीएनएसच्या, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेच्या, कलम ११६ मध्ये ते पंधरा दिवस झालेत, एवढाच फरक.

घरातला मार फोटोवरून ओळखणं सुरू झालं ते लेकरांपासून. १९४६ मध्ये अमेरिकेत एक्स-रेचे डॉक्टर जॉन कॅफी यांनी सहा लहान मुलांच्या केसेस मांडल्या, मेंदूभोवती रक्त साचलेलं आणि हातापायाची हाडं मोडलेली, अन् कशानं झालं ते कोणी सांगेना. १९७१ ला लंडनमध्ये पहिला सीटी स्कॅन झाला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळी झाडणाऱ्या हिंकलीच्या १९८२ च्या खटल्यात असा स्कॅन ज्यूरीसमोर गेला, पण आरोपी मनोरुग्ण आहे असं दाखवून त्याला वाचवायला.

मार खाणाऱ्या बाईचा मेंदू बघायला मात्र लय उशीर झाला. वारंवार ठोसे खाऊन मेंदू बिघडतो हे बॉक्सरांबद्दल १९२८ पासून लिहिलं जात होतं, तेच एका बायकोच्या मेंदूत सापडल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून यायला १९९० उजाडलं! २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक ईव्ह व्हॅलेरा यांनी ९९ पीडित बायकांशी बोलून दाखवलं की साधारण तीन-चतुर्थांश बायकांना जोडीदाराच्या मारानं मेंदूला इजा झाली होती.

आपल्याकडे ब्रेन टेस्ट म्हटलं की लोकांना सुप्रीम कोर्टाचा २०१० चा सेल्वी निकाल आठवतो, पण तो आरोपीवर जबरदस्तीनं नार्को (औषध देऊन चौकशी), ब्रेन मॅपिंग करण्याबद्दल होता, पीडितेच्या स्कॅनला त्यानं काही अडत नाही. अडतं ते वेगळंच. मागं एका ताईंसोबत कोर्टात गेले होते, पिशवीत सीटीची मोठी काळी फिल्म, रिपोर्ट नॉर्मल. आता डोकं आपटल्यावर कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालं तरी सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, आणि एमआरआयच्या नव्या पद्धतींत बारीक बदल दिसले तरी ते कोणाच्या हातानं झाले हे फोटो सांगत नाही. उलटतपासणीत ताईंना तारखा विचारल्या, त्या गोंधळल्या, दोनदा वेगळी तारीख सांगितली. विसरणं हे त्याच माराचं लक्षण असू शकतं, पण पहिल्या दिवशीच्या कागदावर चक्कर, उलटी, शुद्ध हरपली होती का, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.