नकाशातली रेषा रेषाच राहावी म्हणून

भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर, हे पिढ्यान् पिढ्या मुलांनी पाठ केलं. अलीकडे सरकारी अहवालात तो आकडा ११,०९८ किलोमीटर झाला. महाराष्ट्राचा किनाराही वाढून ८७७ किलोमीटरच्या पुढे गेला. जमीन होती तेवढीच आहे. जुनं मोजमाप १ : ४५,००,००० प्रमाणाचं होतं, नवं १ : २,५०,००० प्रमाणाचं. त्यात खाड्या आणि बारीक वळणं मोजली गेली, म्हणून किनारा लांबला.

संगणकावर नकाशे करणाऱ्यांना ही लांबणारी रेषा रोजच भेटते. तिच्याशी खरी गाठ पडते ती नकाशा एसव्हीजी, म्हणजे रेषांची नोंद ठेवणाऱ्या चित्रफाईलच्या स्वरूपात बाहेर काढताना.

जेपीजी किंवा पीएनजी फाईल म्हणजे रंगीत चौकोनांची जाळी. मोठी केली की चौकोन दिसू लागतात. एसव्हीजीचं तत्त्व ठिपक्यांच्या रांगोळीचं आहे. ठिपके कुठे आणि ते कसे जोडायचे एवढंच फाईलमध्ये लिहिलेलं असतं, मग रांगोळी पाटाएवढी काढा की अंगणभर. २००१ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने प्रमाणित केलेलं हे स्वरूप म्हणजे चक्क वाचता येणारा मजकूर आहे. साध्या नोटपॅडमध्ये फाईल उघडली तर दिसतं : ‘एम’ म्हणजे पेन इथे टेकव, ‘एल’ म्हणजे इथपर्यंत सरळ रेघ ओढ, ‘झेड’ म्हणजे सुरुवातीच्या बिंदूला जाऊन मिळ.

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर विद्यापीठांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत वापरलं जातं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. त्याच्या प्रिंट लेआउटमधून, म्हणजे कागदावर नकाशा मांडण्याच्या खिडकीतून, एका क्लिकवर एसव्हीजी मिळते. पण फाईलच्या नावापुढे एसव्हीजी लागलं म्हणजे आत रेषा असतीलच असं नाही. समजा, कोकणाच्या नकाशाखाली सह्याद्रीच्या उतारांची छाया घातली आहे आणि ती रंगांत मिसळावी म्हणून ‘मल्टिप्लाय’ हा मिश्रणप्रकार निवडला आहे. असं मिश्रण रेषांच्या भाषेत नीट उतरत नाही, म्हणून सॉफ्टवेअर नकाशाचं सरळ चौकोनी चित्र करून एसव्हीजीच्या पोटात ठेवून देतं. नद्या, रस्ते, तालुक्यांच्या हद्दी, सगळं त्यात गोठतं. शिवाय चित्र मजकुराच्या रूपात साठवायचं म्हणून दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं.

हे ओळखणं सोपं आहे. फाईल इंकस्केप या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून किनाऱ्यावर क्लिक करायचं. गट सोडवूनही अख्खा नकाशा एकदम निवडला गेला, तर आत चित्र आहे. क्यूजीआयएसमधल्या ‘ऑल्वेज एक्स्पोर्ट ॲज व्हेक्टर्स’ (नेहमी रेषा म्हणूनच काढा) या पर्यायाने रेषा वाचतात, पण मिश्रणाचा रंग बदलू शकतो. माझं मत विचाराल तर छाया वेगळी, पीएनजी म्हणून काढावी, रेषा वेगळ्या काढाव्यात आणि दोन्ही नंतर एकावर एक बसवाव्यात. उंचीची आकडेवारी मुळातच चौकोनांची असते. तिला रेषांत कोंबून काही साधत नाही.

आता उलटी अडचण. रेषा रेषाच राहिल्या, पण सविस्तर मोजणीतला किनारा लाखो बिंदूंचा असेल तर फाईल उघडताना ब्राउझर धापा टाकतो. इथे डग्लस आणि प्यूकर या संशोधकांची १९७३ ची युक्ती कामी येते. वळणाची दोन टोकं सरळ रेषेने जोडायची आणि त्या रेषेपासून सर्वांत लांबचा बिंदू शोधायचा. तो ठरवलेल्या मर्यादेच्या आत असला, तर मधले सगळे बिंदू गाळायचे. बाहेर असला तर तिथे वळणाचे दोन भाग करून दोन्हींवर तेच पुन्हा करायचं. मर्यादा छापील नकाशावरच्या अंतरात ठरवावी. एसव्हीजीचं एक मूळ एकक म्हणजे इंचाचा ९६ वा भाग, साधारण पाव मिलिमीटर. दशांश चिन्हापुढे दोन स्थळं ठेवली तरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांपर्यंत अचूकता मिळते. पुढची आठ-दहा स्थळं निव्वळ भार. मात्र अशा सुलभ केलेल्या रेषेवरून किनाऱ्याची लांबी कधीही मोजू नये. ती कमीच भरेल.

मराठी नकाशात सर्वांत जपायची असतात ती गावांची नावं. ‘श्रीवर्धन’ संगणकाच्या लेखी नऊ चिन्हांची ओळ आहे. श्र जुळवणं, रफार ध च्या डोक्यावर नेणं हे काम दाखवणाऱ्या प्रणालीचं. नावं मजकूर म्हणून ठेवली आणि छापखान्यात तो फाँट नसला, तर दुसरा फाँट येतो, रुंदी बदलते आणि नाव खाडीत जाऊन पडतं. देवनागरीची जोडणी न जमणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तर रफार सुटतो आणि ‘रत्नागिरी’तली पहिली वेलांटी ग च्या उजवीकडे जाऊन बसते. नावांचे आकार, म्हणजे पाथ, करून काढले की हा धोका टळतो. पण मग नाव शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, आणि अंध वाचकाला नकाशा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते कळत नाही. म्हणून छपाईसाठी पाथ आणि संकेतस्थळासाठी मजकूर, अशा दोन फायली काढणं मला आवश्यक वाटतं.

एक गोष्ट मात्र या वाटेवर जातेच. क्यूजीआयएसच्या प्रकल्पात श्रीवर्धनचा बिंदू अक्षांश-रेखांशांनी बांधलेला असतो; एसव्हीजीत तो कागदाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून इतका उजवीकडे, इतका खाली, एवढाच उरतो. इंकस्केपमध्ये तो कितीही हलवला तरी कुणी अडवणार नाही. म्हणून गावाची जागा चुकली असेल तर ती क्यूजीआयएसच्या मूळ प्रकल्पातच दुरुस्त करावी आणि एसव्हीजी नव्याने काढावी.