बिगहॉर्न मेंढ्यांचा न्यूमोनिया

पश्चिम उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ प्रदेशातील बिगहॉर्न या रानमेंढ्यांना होणारा सांसर्गिक श्वसनरोग. लांडग्यासारख्या शिकाऱ्याला कड्यांवर चुकवणारी ही जात या रोगापुढे हतबल ठरते. मूळ कारण मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी हा जीवाणू. पाळीव शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात तो बहुधा फारसा त्रास न देता राहतो. बिगहॉर्नच्या श्वसनमार्गात मात्र तो पक्ष्माभिकांना (केसासारख्या सूक्ष्म तंतूंना) चिकटून त्यांचे काम बंद पाडतो. कफ वर सरकत नाही आणि पाश्चुरेला, मॅनहायमिया वगैरे जीवाणू फुप्फुसात उतरतात. पूर्वी दोष फुप्फुसकृमींना दिला जाई. त्यासाठी कोलोरॅडोत जंताचे औषध मिसळलेला सफरचंदाचा चोथाही रानमेंढ्यांना घातला गेला.

पहिल्या साथीत सर्व वयाच्या मेंढ्या मरतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात हेल्स कॅन्यन (अमेरिकेतील आयडाहो-ओरेगॉन सीमेवरची खोल दरी) परिसरात सुमारे ३०० दगावल्या. पण खरे नुकसान त्यानंतरचे. वाचलेल्यांपैकी काही माद्या वाहक राहतात, त्यांच्याकडून कोकरांना लागण होते आणि बहुतेक कोकरे एक ते चार महिन्यांची असताना मरतात. असे कित्येक वर्षे चालते. म्हातारा होत जाणारा कळप शेवटी आटतो.

उपयोगी लस नाही, रानात प्रतिजैविके देत बसणे व्यवहार्य नाही. म्हणून वाहक हुडकून काढतात. हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून जाळे टाकून मेंढी धरतात, डोळे झाकतात, पाय बांधतात आणि तिला छातीवर बसवतात. आडवी ठेवली तर पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की पाणी ओतून गार करतात, तरीही उतरले नाही तर सोडून देतात. अतिश्रमाने स्नायू निकामी होऊन सुटलेली मेंढी पुढच्या काही दिवसांत मरू शकते. दोन्ही नाकपुड्यांत खोलवर स्वॅब फिरवून पीसीआर चाचणी करतात, रक्तात प्रतिपिंडे पाहतात. जीवाणू नाकात दर वेळी सापडतोच असे नाही, त्यामुळे एका चाचणीवर निकाल देणे घाईचे. पुन्हा पुन्हा बाधित आढळणारी मादी कळपातून काढतात. हेल्स कॅन्यन व साउथ डकोटातील काही कळपांत यानंतर कोकरे जगू लागली.

नवी लागण टाळायची तर पाळीव कळप दूर हवेत. चराईचे परवाने कमी करणे मेंढपाळांच्या पोटावर येते, त्यामुळे वाद पेटतात. शिवाय माजाच्या काळात नर दूरदूर भटकतात. पाळीव मेंढ्यांत मिसळलेला असा नर कळपाकडे परतण्याआधीच वन्यजीव अधिकारी बहुधा मारतात आणि त्याचे नमुने तपासणीला पाठवतात.