डिस्क क्लोनिंग आणि बॅकअप : नेहमीचे दोष व त्यांचे निवारण

डिस्क क्लोनिंग म्हणजे एका डिस्कवरील फायली, पार्टिशनांची (डिस्कच्या स्वतंत्र विभागांची) मांडणी आणि संगणक सुरू करणारा बूट-विभाग हे सर्व दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवणे. हाच ऐवज दुसऱ्या डिस्कवर न पसरता एका मोठ्या फायलीत बांधून ठेवला, तर तिला इमेज म्हणतात आणि बॅकअपसाठी सहसा इमेजच वापरतात. या कामाला घरोघरी पोहोचवणारे ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे तयार झाले. १९९८ मध्ये ते सिमँटेक कंपनीने विकत घेतले आणि २०१३ मध्ये त्याच्या ‘नॉर्टन घोस्ट’ या घरगुती आवृत्तीची विक्री थांबली, तरी ‘घोस्ट मारणे’ हा शब्दप्रयोग जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी अजून आहे. तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ आज मोफत साधनांत विशेष प्रचलित आहे.

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुरा भागातील हिशेबनिसांच्या कचेऱ्यांत असो वा घराण्यातील मोडी कागद स्कॅन करून ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांत, क्लोनिंगचा प्रसंग बहुधा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवताना येतो. काम अडले की दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा डिस्कमध्ये, केबलमध्ये किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये असतो. म्हणून चूक वाचताना, ती मूळ डिस्क वाचताना आली, नव्या डिस्कवर लिहिताना आली की नव्या डिस्कवरून संगणक सुरू करताना आली, हे आधी ठरवावे.

वाचनाचे दोष सर्वांत गंभीर असतात. ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ हा संदेश आला, तर डिस्कवरील एखादा सेक्टर (साठवणीचा छोटा कप्पा) नीट वाचता आलेला नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी डिस्कची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती आकडेवारी) पाहावी. तीत ५ क्रमांकाचा गुणधर्म खराब झाल्याने राखीव जागेवर बदललेले सेक्टर दाखवतो, १९७ क्रमांकाचा नीट वाचता न आल्याने निकाल न लागलेले सेक्टर दाखवतो आणि १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर डिस्कपेक्षा केबलवर संशय घ्यावा, कारण तो डिस्क व संगणक यांमधील वहनातल्या चुका मोजतो. केबल बदलून काम भागले, तर ते स्वस्तात सुटले म्हणायचे. १९७ चा आकडा वाढत असल्यास मात्र लगेच चेकडिस्क (विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन) चालवण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला घातक ठरू शकतो : आधीच थकलेल्या डिस्कला हे साधन पुन्हा टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावते आणि वर तिच्यावर लिहितेही. प्रत आधी, दुरुस्ती नंतर, हाच क्रम योग्य. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हे प्रत घेणारे साधन सुस्थितीतील भाग आधी उचलते, अवघड जागा शेवटी ठेवते आणि कुठवर पोहोचलो याची नोंद फायलीत राखते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तेथून पुढे चालू करता येते.

चालू विंडोजची प्रत घेताना फायली बदलत असतात, म्हणून ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सेवा त्या क्षणापुरते डिस्कचे चित्र गोठवते. ०एक्स८०७८०११९ ही चूक त्या चित्रासाठी जागा अपुरी पडल्याची असते : ५०० मेगाबाइटपेक्षा लहान पार्टिशनमध्ये किमान ५० मेगाबाइट मोकळे लागतात, आणि विंडोजचे राखीव पार्टिशन नेमके तेथेच अडते. दोन बॅकअप सॉफ्टवेअरे एकाच वेळी चालू ठेवल्यानेही ही सेवा बिघडते.

लेखनाच्या बाजूने दोन मर्यादा वारंवार आडव्या येतात. फॅट३२ या फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल ४ गिगाबाइटपर्यंतच मावते, त्यामुळे तिथे इमेज अर्ध्यात तुटते. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावी किंवा इमेज तुकड्यांत घ्यावी. पार्टिशनांची यादी ठेवण्याच्या जुन्या एमबीआर मांडणीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरांनिशी सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढील जागा वापरता येत नाही.

क्लोन पूर्ण झाला, पण संगणक सुरू होत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. एमबीआर डिस्कला स्वतःची सही (ओळख-क्रमांक) असते आणि क्लोनमध्ये तीही उतरते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते. ती ऑनलाइन केल्यास तिला नवी सही मिळते, मग बूट-नोंदीतली (विंडोज कुठून सुरू करायचे ते सांगणाऱ्या नोंदीतली) जुनी सही जुळत नाही आणि ०एक्ससी०००००ई ही चूक दिसते. त्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. तरीही अडल्यास विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘बीसीडीबूट’ आज्ञेने बूट-नोंद नव्याने लिहावी. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा निळा पडदा वेगळ्या कारणाने येतो : नव्या डिस्कचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड होत नाही, किंवा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कशी बोलण्याची रीत एएचसीआय व रेड (आरएआयडी) या दोहोंत बदललेली असते. एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांनिशी) सुरू केल्याने हा अडथळा पुष्कळदा दूर होतो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) लावलेली डिस्क क्लोन करण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडणारा आकडा) लिहून ठेवणे अनिवार्य आहे.

ज्या चुकीला कोणताही संदेश नसतो, तिच्यापुढे हे सारे किरकोळ. मूळ डिस्क व नवी डिस्क यांची निवड उलटी झाली, तर सॉफ्टवेअर निमूटपणे कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर घेते आणि ‘काम यशस्वी’ असे कळवते. दोन्ही डिस्क एकाच क्षमतेच्या असतील, तर अनुक्रमांक पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. न उघडलेली इमेजही अशीच फसवी असते. ती निदान एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहावी.

प्रत ठेवायची कुठे, हा प्रश्न बडोद्यात निराळे वजन घेतो. विश्वामित्री नदीचे पाणी जुलै २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या सखल वस्त्यांत शिरले; संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच तळमजल्यावरील कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच जातात. एक प्रत परगावी असावी. ती क्लाउडवर ठेवायची झाल्यास २० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने ५०० गिगाबाइट चढवायला सव्वादोन दिवसांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे पहिली संपूर्ण प्रत पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे डिस्कनेच पाठवून नंतरचे बदल तेवढे इंटरनेटवरून पाठवणे सोयीचे पडते.