अल्फा फाय ओमेगाचं सदस्यत्व : पात्रता, कागदपत्रं आणि निवडीआधी विचारायचे प्रश्न

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाने 'मी फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेत, जातोय' म्हटलं की इकडे घरच्यांना धडकी भरते. अल्फा फाय ओमेगा त्या पार्ट्यांच्या गोतावळ्यातली नाही. ही सेवेसाठीची फ्रॅटर्निटी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेशी (रासेयो) तिचं बरंच जुळतं, फक्त ती सरकारी योजना नाही आणि चॅप्टर, म्हणजे कॉलेजातली शाखा, विद्यार्थीच चालवतात. पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात फ्रँक रीड हॉर्टन आणि त्याच्या सोबत्यांनी 16 डिसेंबर 1925 रोजी ती सुरू केली. मुलींनाही इथे 'ब्रदर'च म्हणतात. कानाला खटकतं, पण सवय होते.

पात्रता

जिथे चॅप्टर आहे त्या कॉलेजचा विद्यार्थी असणं ही मूळ अट. पूर्वी स्काउटिंगशी संबंध असावा लागे, ती अट 1967 मध्ये गेली. मुलींना पूर्ण सदस्यत्व 1976 मध्ये मिळालं. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 'टायटल नाइन' कायद्यात सोशल, म्हणजे मैत्री-मेळाव्यांसाठीच्या, फ्रॅटर्निटींना सूट आहे; सेवेच्या फ्रॅटर्निटीला त्या सवलतीचा आडोसा नव्हता. आपल्याकडून जाणारे बरेचजण मास्टर्सला असतात. त्यांना घेतात की नाही, हे त्या चॅप्टरला आधीच विचारून घ्या.

प्रक्रिया

सेमिस्टरच्या सुरुवातीला 'रश' असतं, म्हणजे ओळखीचे खुले कार्यक्रम. त्यानंतर 'प्लेज' म्हणून नोंदणी होते. हा उमेदवारीचा काळ साधारण सहा ते दहा आठवड्यांचा. त्यात सेवेचे तास, बैठका आणि संघटनेची माहिती करून घेणं आलं. शेवटी दीक्षेचा छोटा समारंभ झाला की तुम्ही सदस्य.

खरी गोम या मधल्या आठवड्यांत आहे. प्लेजने किती तास भरायचे, किती बैठकांना यायचं, किती चुकल्या तर चालतं, हे सगळं पहिल्याच दिवशी लेखी मिळायला हवं. मिळालं नाही तर मागा. त्यात संकोच कसला? काही ठिकाणी मुलाखत होते, काही ठिकाणी जुने सदस्य मत देतात. मत द्यायचं असेल तर कशाच्या आधारावर, हे विचारा. 'आमच्यात मिसळतो का' हा निकष ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण नव्याने आलेल्या, उच्चार वेगळा असलेल्या, शुक्रवारी रात्री बाहेर न जाणाऱ्या मुलाचा बळी त्यातच जातो. तासांचा हिशेब कोणालाही तपासता येतो. आवडीनिवडीचा कसा तपासणार? प्लेजला सांगितलेलं काम जुने सदस्यही करतात का, हेही बघा. नुसती त्यांची धुणीभांडी करायला लावत असतील तर ती सेवा नव्हे, हेझिंग आहे, म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग. ते संघटनेच्या नियमांत बसत नाही आणि अनेक राज्यांत गुन्हाही आहे.

कागदपत्रं आणि पैसे

कॉलेजचं ओळखपत्र, कॉलेजचा ईमेल आणि भरलेला अर्ज. सेवेच्या जागी जबाबदारीमुक्तीचा, म्हणजे इजा झाली तर संस्थेला जबाबदार धरणार नाही असा, फॉर्म भरावा लागू शकतो. वय 18 पूर्ण नसेल तर त्यावर पालकांची सही मागतात, आणि आपली कितीतरी मुलं पहिल्या वर्षाला 17 ची असतात. शाळा किंवा रुग्णालयासारख्या ठिकाणी पार्श्वभूमी तपासणी होते. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारने दिलेला ओळख क्रमांक) मागितला आणि तुमच्याकडे नसला, तर दुसरा पर्याय विचारा. राष्ट्रीय शुल्क आणि चॅप्टरची वर्गणी वेगवेगळी असते. एकूण रक्कम आणि अर्ध्यावर सोडलं तर काय परत मिळेल, हे दोन्ही लिहून घ्या.

एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेवाभावी संस्थेत विनामोबदला काम करता येतं. मात्र ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते 'स्वयंसेवा' म्हणून करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. भरलेल्या तासांवर त्या-त्या दिवशीच तिथल्या जबाबदार व्यक्तीची सही घ्या. रासेयोचं प्रमाणपत्र असेल तर मुलाखतीत जरूर सांगा. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर केलेल्याला कामाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पण ते तास इथे जमा होतील, असं गृहीत धरू नका.

नकार आला तर

कारण लेखी मागा आणि ते पहिल्या दिवशीच्या यादीशी ताडून बघा. जुळत नसेल तर आधी चॅप्टरच्या सल्लागार प्राध्यापकांकडे जा, मग कॉलेजच्या विद्यार्थी उपक्रम कार्यालयाकडे. हेझिंगची तक्रार असेल तर मात्र ही उतरंड धरू नका, थेट कॉलेजकडे करा. डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने कॉलेजांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी जाहीर करणं भाग पाडलं आहे.