बीपी वाढलंय, मग लघवी आणि रक्त कशाला तपासायचं?

आमच्या लॅबच्या खिडकीवर हा प्रश्न नेहमीचा. चिठ्ठीवर गरोदर बाईच्या नावापुढे चार-पाच तपासण्या दिसल्या की डॉक्टर आणि लॅब मिळून बिल फुगवतात, असंही काहींच्या मनात येतं. शंका जरूर घ्या, पण आधी एवढं वाचा. या तपासण्या प्रीएक्लॅम्पसियासाठी असतात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढवणाऱ्या आजारासाठी.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, अवघ्या एका थराचं. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड याच पेशी बनवतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपू न देणं, विनाकारण गुठळी होऊ न देणं, हेही त्यांचंच काम.

गर्भाशयातल्या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडतं. मग ती एसएफएलटी-1 नावाचं प्रथिन आईच्या रक्तात जास्त सोडू लागते. अस्तराच्या पेशी ज्या वाढघटकांवर जगतात, त्यांना हे प्रथिन वाटेतच अडवतं. 2003 साली बॉस्टनमध्ये संशोधक अनंत करुमांची यांच्या गटाने ते गाभण उंदरांना दिलं, तेव्हा त्यांचं बीपी चढलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. म्हणजे प्रीएक्लॅम्पसियात बहुधा अस्तर आधी बिघडतं आणि बीपी मागून वाढतं.

अस्तर अंगभर आहे, म्हणून तपासण्याही अनेक. मूत्रपिंडाच्या गाळणीतलं अस्तर बिघडलं की लघवीत प्रथिनं उतरतात. खरचटलेल्या अस्तरावर प्लेटलेट खर्ची पडतात, म्हणून रक्त. यकृतासाठी एसजीपीटी, हीही रक्ताचीच तपासणी.

पायांना थोडी सूज बहुतेकींना येते, सासूबाई सांगतात ते खोटं नाही. पण एक-दोन दिवसांत बांगड्या रुतू लागल्या, चेहरा सुजला, तर बीपी मोजून घ्या. विसाव्या आठवड्यानंतर 140/90 किंवा जास्त भरलं तर डॉक्टरांना कळवा. 160/110, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काहीही असेल तर आमच्याकडे येऊच नका, थेट दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही हेच लागू.

लघवीचा नमुना देताना आधी धुऊन घ्या, सुरुवातीची धार सोडा, मधली धरा. अंगावरचं पांढरं त्यात मिसळलं तर नसलेलं प्रथिन दिसतं आणि तुम्हाला उगाच दुसरी खेप पडते. या तपासण्यांना उपाशी राहायची गरज नाही. जेवून या.