बॉर्डर आणि बाउंड्री: काठ कोणता, रेघ कोणती

बेळगावात साडीच्या दुकानात ‘बॉर्डर कसली हवी, बारीक की रुंद?’ असे विचारले जाते आणि निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेल्या बसमध्ये ‘बॉर्डर आली का?’ असेही विचारले जाते. संध्याकाळी मोकळ्या मैदानावर टेनिस बॉलने खेळणारी मुले ‘बाउंड्री!’ म्हणून ओरडतात, आणि प्लॉटचा व्यवहार करणारा एजंट कागदावर बोट ठेवून ‘ही तुमची बाउंड्री’ म्हणतो. हे दोन्ही शब्द मराठीत इतके मुरले आहेत की आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. इंग्रजीत मात्र त्यांची कुळे वेगळी आहेत, वये वेगळी आहेत, आणि अर्थातला फरक तर आपल्या या टापूत राहणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन पाहावा असा आहे.

‘बॉर्डर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘बोर्द्यूर’वरून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या जर्मानिक ‘बोर्ड’चा अर्थ बाजू, कड, जहाजाचा काठ असा होता, ‘ऑन बोर्ड’ आणि ‘स्टारबोर्ड’ या शब्दांत ती जहाजाची बाजू अजून शिल्लक आहे. म्हणजे या शब्दाचा जन्म नकाशावर झालेला नाही. तो आधी वस्तूंचा शब्द होता: ढालीच्या कडेने फिरवलेली वेगळ्या रंगाची पट्टी, वस्त्राची किनार, पुढे बागेतल्या वाटेलगतचा फुलझाडांचा वाफा. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतल्या मागांवर साडीचा जो काठ विणला जातो, त्याला बॉर्डर म्हणणे ही आधुनिक दुकानदारी वाटत असली, तरी शब्दाच्या मूळ अर्थाला तेच अधिक धरून आहे. राज्याची बॉर्डर हा नंतरचा अर्थ, साडीची बॉर्डर हा आधीचा.

कड असलेल्या वस्तूंकडून हा शब्द प्रदेशाकडे वळला तो मुख्यतः इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या मुलखामुळे. त्या दोन राज्यांच्या मधल्या पट्ट्याला पूर्वी ‘मार्च’ म्हणत. त्यावर देखरेख करणारे दोन्ही बाजूंचे स्वतंत्र अधिकारी असत, आणि गुरे पळवणाऱ्या टोळ्यांचा तिथे शतकानुशतके सुळसुळाट होता. हळूहळू ‘मार्च’ मागे पडला आणि ‘बॉर्डर’ रूढ झाला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तिथल्या लोकांनी ‘द बॉर्डर्स’ असे अनेकवचन वापरले आणि त्याचा अर्थ एक रेघ असा न घेता एक सबंध मुलूख असा घेतला. ‘स्कॉटिश बॉर्डर्स’ हा स्कॉटलंडचा आजही एक प्रशासकीय विभाग आहे. त्यात गावे आहेत, शेते आहेत, माणसे राहतात. रेघेवर कोणी राहू शकत नाही. काठावर राहता येते.

‘बाउंड्री’ हे त्या मानाने धाकटे भावंड. ते सतराव्या शतकात ‘बाउंड’ला शेपूट जोडून तयार झाले. हा ‘बाउंड’ मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘बोदिना’पासून फ्रेंचमार्गे आलेला, आणि त्याचा अर्थ हद्दीची खूण. इथे एक सावधगिरी हवी. उडी मारणे या अर्थाचा ‘बाउंड’, बांधलेला या अर्थाचा ‘बाउंड’ आणि अमुक दिशेने निघालेला या अर्थाचा ‘बाउंड’ हे तिन्ही वेगवेगळ्या मुळांचे शब्द आहेत. स्पेलिंग एक झाले म्हणून नाते जुळत नाही. लष्करी आवारांबाहेर दिसणाऱ्या ‘आउट ऑफ बाउंड्स’ या पाटीतला मात्र हाच खुणेचा ‘बाउंड’ आहे. (बाउंड्री वॉलला आपण कंपाउंड म्हणतो, त्यातल्या ‘पाउंड’चा ‘बाउंड’शी काही संबंध नाही, तो शब्द मलय भाषेतल्या ‘कांपोंग’वरून आला असे मानले जाते.)

इंग्लंडमधल्या खेड्यांत नकाशे सर्रास नव्हते तेव्हा वर्षातून एकदा गावकरी आणि पाद्री मिळून परगण्याच्या हद्दीवरून फेरी काढत, आणि हद्दीचे दगड व झाडे कुठे आहेत ते पुढच्या पिढीच्या लक्षात राहावे म्हणून लहान मुलांना आवर्जून बरोबर नेत. खुणेचा दगड इथून तिथे सरकला की भांडण आलेच. आपल्याकडे बांध कोरण्यावरून काय होते हे खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. खरेदीपत्रात पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमक्याचे घर असे जे लिहिले जाते, ज्याला आपण चतुःसीमा म्हणतो आणि कर्नाटकातल्या कन्नड दस्तांत ‘चक्कुबंदी’ म्हणतात, ती शुद्ध बाउंड्री. तिथे बॉर्डर शब्द चालणार नाही, कारण दस्ताला कोणत्या बाजूला कोणाचा हक्क संपतो एवढेच हवे असते.

या दोहोंतला फरक ओळखण्याची माझी कसोटी एका प्रश्नाची आहे: तिला रुंदी आहे का? बॉर्डरला रुंदी असते, बाउंड्रीला नसते. साडीचा काठ चार बोटे असेल, वीतभर असेल; तो साडीचाच भाग असतो, साडी संपल्यानंतरची गोष्ट नसते. याउलट क्रिकेटची बाउंड्री पाहा. मैदानाभोवती पांढरी रेघ मारलेली असेल, तर त्या रेघेला दोन-तीन इंच जाडी असतेच. पण नियमाप्रमाणे रेघेची खेळपट्टीकडची कडा तेवढी बाउंड्री. दोर टाकला असेल, तर जमिनीला टेकलेल्या दोराची आतली कडा. म्हणजे चुना कितीही जाड ओढा, नियम त्याची जाडी काढून टाकतो. शिवाय ती रेघ पार केल्याने काय घडते हेही माणसांनी ठरवायचे असते. १९१० पूर्वी कसोटी सामन्यांत सहा धावा मिळवायला चेंडू नुसता रेघेपलीकडे जाऊन चालत नसे, तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. रेघ तीच राहिली, तिची किंमत बदलली.

हीच कसोटी आपल्या सीमाभागाला लावली की दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली नांदत असल्याचे दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्या दिवशी बेळगाव आणि चंदगड यांच्यामध्ये जी निर्माण झाली ती बाउंड्री: वेंगुर्ल्याच्या रस्त्याने जाताना शिनोळीपाशी पाट्यांची लिपी बदलते, बसचा रंग बदलतो, पेट्रोलचा दर बदलतो, आणि हे सारे हाकेच्या अंतरात घडते. पण शिनोळीची मराठी आणि अलीकडच्या गावांची मराठी यांच्यात ती रेघ शोधून सापडत नाही. सोयरिकी रेघ पाहून होत नाहीत. रोमिंगचे पैसे पडायचे त्या काळात कर्नाटकातल्या घरात बसलेल्या माणसाचा मोबाइल महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा आणि अंगणात आला की परत कर्नाटकाचा. लहरींना रुंदीचीच भाषा कळते. अण्णा, अक्का, अडकित्ता हे कन्नडमधून आलेले शब्द तर हा काठ ओलांडून पार पुण्यापलीकडे गेले आणि कोणाला परके वाटेनासे झाले. या अर्थाने बेळगाव बॉर्डरवर नाही, बेळगाव हीच बॉर्डर आहे. काठाच्या विणीत दोन्हीकडचे धागे असतात तशी.

कायद्याची इंग्रजी या बाबतीत काटेकोर आहे. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात संसदेला राज्यांच्या हद्दी बदलण्याचा अधिकार दिला आहे, तिथे शब्द ‘बाउंड्रीज’ आहे. १९६६ साली नेमलेल्या आणि १९६७ साली अहवाल देणाऱ्या महाजन आयोगाच्या अधिकृत नावातही महाराष्ट्र, म्हैसूर आणि केरळ यांचे ‘बाउंड्री डिस्प्यूट्स’ असेच शब्द आहेत. १९४७ मध्ये फाळणीची रेघ आखणारे रॅडक्लिफ यांचे मंडळही ‘बाउंड्री कमिशन’च. याउलट १९६५ साली स्थापन झालेले दल ‘बॉर्डर सिक्युरिटी फोर्स’ आहे, कारण त्याला नकाशावरच्या रेघेचा वाद सोडवायचा नसून रेघेलगतचा पट्टा राखायचा असतो. वर्तमानपत्रांची इंग्रजी एवढी पथ्ये पाळत नाही. तिथे ‘बॉर्डर रो’ हा मथळा लहान आणि सोयीचा पडतो.

मराठीत आल्यावर मात्र दोघांनाही ‘सीमा’ हाच एक सदरा घातला गेला. सीमाप्रश्न म्हणजे खरे तर बाउंड्रीचा प्रश्न: कोणते गाव रेघेच्या कोणत्या बाजूला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा याच प्रश्नाचा. सीमाभाग म्हणजे बॉर्डर: लोक, बाजार, शाळा, भाषा असलेला पट्टा. सीमा सुरक्षा दलातली सीमा पुन्हा बॉर्डर. माझ्या मते या एका शब्दामुळे चर्चेत बराच घोळ होतो. एक जण रेघेबद्दल बोलत असतो, दुसरा पट्ट्याबद्दल, आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीवर वाद घालत आहोत असे वाटते.

वास्तविक मराठीकडे शब्दांची वाण नव्हती. संस्कृत ‘सीमा’ मुळात रेघेच्याच जातीचा आहे. केसांचा भांग तो ‘सीमन्त’, हे त्याचे जवळचे नाते. त्यातूनच आपला ‘शीव’ आला, आणि शिवेच्या आतले ते ‘शिवार’. बाउंड्रीला शीव हा शब्द चपखल बसतो. बॉर्डरसाठी ‘काठ’ आहे: नदीचा काठ, साडीचा काठ, आणि पस्तीस गुणांच्या आगेमागे रेंगाळून काठावर पास झालेला मुलगा. इंग्रजीतल्या ‘बॉर्डरलाइन’चा अर्थ ‘काठावर’ने भाषांतर न करताच आधीपासून सांगितलेला आहे. अरबीतून आलेली ‘हद्द’ अधिकाराशी बांधलेली: पोलिस ठाण्याची हद्द, हद्दपार, हद्दवाढ. शेजारच्या कन्नडमध्येही ‘एल्ले’ आणि ‘गडी’ असे दोन शब्द आहेत. सरहद्दीच्या मुलखाला ते ‘गडिनाडू’ म्हणतात, आणि नुकता बदली होऊन आलेला मराठी माणूस हा गडी कोण म्हणून थोडा वेळ गोंधळतो.

जाता जाता तिसऱ्या भावंडाचे सांगायला हवे. ‘फ्रंटियर’ लॅटिनमधल्या कपाळ या अर्थाच्या शब्दावरून निघाला. आधी सैन्याची आघाडी आणि मग राज्याचा शत्रूकडे तोंड करून असलेला भाग. फारसी-अरबी ‘सरहद्द’मध्येही ‘सर’ म्हणजे डोकेच आहे. म्हणून खान अब्दुल गफार खान यांना ‘फ्रंटियर गांधी’ म्हणा की ‘सरहद्द गांधी’, अर्थाला कुठे मुरड घालावी लागत नाही. निपाणी-कागलच्या मधल्या नाक्याला फ्रंटियर म्हणणे मात्र हास्यास्पद होईल. तिथे कोणाचे कोणाकडे असे रोखून तोंड नाही, उसाच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी ये-जा करतात.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो तेव्हा शीव ओलांडतो. उल्लंघन रेघेचेच होऊ शकते. काठातून फक्त चालत जाता येते. बेळगाव वाढत गेले तशी जुनी शीव कॉलन्यांच्या आत गेली, तरी गावाबाहेर जाऊन आपट्याची पाने आणल्याशिवाय आणि एकमेकांना सोने दिल्याशिवाय सण पुरा होत नाही. ते सोने देताना समोरचा ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ ऐकून कन्नडमध्ये उत्तर देतो, आणि ते दोघांनाही समजते.